ग्रुपमध्ये २१४, बैठकीला सात

नमस्कार ताई,

आमच्या गल्लीत सात सोसायट्या, नऊ-दहा जुने बंगले आणि टोकाला उतारावर दोन बैठ्या चाळी आहेत. तीन वर्षांपूर्वी जुलैमधल्या एका रात्री रस्त्यावरचं पाणी आमच्या पार्किंगमध्ये गुडघाभर चढलं. दुसऱ्या दिवशी मी व्हॉट्सअ‍ॅपवर गल्लीचा ग्रुप काढला. आज त्यात २१४ जण आहेत. रोज फोटो येतात. तुंबलेलं गटार, फुटलेला फुटपाथ, कचऱ्याचा ढीग, रात्री अकराचा डीजे, कुणाच्या दारात लावलेली गाडी. खाली एकच ओळ असते, ‘अ‍ॅडमिन, कृपया लक्ष घाला.’ बैठक बोलावली की सात जण येतात, तेही दर वेळी तेच. दोन महिन्यांपासून भाजीच्या गाड्यांवरून दोन तट पडले आहेत. निम्म्यांना गाड्या हटवायच्या आहेत, निम्मे म्हणतात राहू द्या. त्यातच आमच्या प्रभागातल्या एका नगरसेवकांचा निरोप आला, की चार बाकडी आणि गल्लीच्या तोंडाशी कमान करून देतो, ग्रुपवर आणि कमानीवर नाव तेवढं टाका. पाणी मात्र दर पावसाळ्यात येतंच. मी शाळेत शिकवते, घरी सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत. मिस्टर म्हणतात, सोडून दे, लोकांना नुसतं बोलायला हवंय. ग्रुप बंद करू का?

एक अ‍ॅडमिन (नाव-गाव छापू नये)

---

प्रिय ताई,

ग्रुप बंद करू नका. मात्र त्या ग्रुपकडून काम होईल ही अपेक्षा आजच सोडून द्या, म्हणजे निम्मा शीण उतरेल. २१४ जणांचा ग्रुप हा सोसायटीच्या जिन्याखालच्या फळ्यासारखा असतो. उद्या पाणी येणार नाही, परवा बैठक आहे, एवढे निरोप त्यावर नीट पोचतात. काम ते सात जणच करतील, आणि सात जण कमी नसतात. मी ज्या गटात एकवीस वर्षं काढली तिथे धडाची माणसं कधी नऊच्या वर गेली नाहीत.

फळ्यावर एक नियम मात्र लावा. जो फोटो टाकेल त्यानेच महापालिकेकडे तक्रार नोंदवायची आणि तक्रारीचा क्रमांक फोटोखाली लिहायचा. क्रमांक नसलेल्या फोटोला उत्तर द्यायचं नाही. पहिले आठ दिवस लोक रुसतील. रुसू द्या. ‘अ‍ॅडमिन, लक्ष घाला’ ही ओळ तुम्ही उत्तर देता म्हणून येते.

आता तुमच्या पत्राबद्दल. ते मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच जागी अडले. उतारावरच्या दोन बैठ्या चाळी तुमच्या पहिल्या वाक्यात येतात आणि पुढे अख्ख्या पत्रात पुन्हा दिसत नाहीत. त्या २१४ जणांत चाळीतली किती घरं आहेत? बैठकीला येणाऱ्या सातांत कुणी आहे का? पाणी तुमच्या पार्किंगमध्ये गुडघाभर चढलं त्या रात्री ते उतारावर, बैठ्या घरांत, कुठवर गेलं असेल? हे तुम्ही कुणाला विचारलंत का? टोचून बोलायचं म्हणून लिहीत नाही. हाच प्रश्न मला कुणीतरी विचारायला सहा वर्षं लागली आणि ती सहा वर्षं वाया गेली.

आमच्याही गल्लीत पाणी तुंबायचं. आम्ही सहा पावसाळे अर्ज करत होतो, ‘गटार साफ करावे, मोठे करावे.’ गाडी यायची, चेंबर उपसायची, गाळाचा ढीग कडेला टाकून जायची, आणि पुढच्या मोठ्या सरीला पाणी पुन्हा जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर. सहाव्या वर्षी गणपतीच्या वर्गणीच्या निमित्ताने मी पहिल्यांदा आमच्या मागच्या चाळीत आत गेले. तिथे एक निवृत्त मुकादम राहायचे, जन्म सगळा गटारं आणि नाले यांत गेलेला. त्यांनी मला काठी टेकत रस्त्यावर आणलं, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीसमोर उभं केलं आणि काठीने डांबरावर ठोकून म्हणाले, “बाई, इथं मोरी होती. जाळी होती. तुम्ही लोक गटार गटार करताय, पाणी गटारात जायला तोंडच कुठंय?”

पुढे महिन्याभराने तिथे खोदलं तेव्हा मी उभी होते. कुदळीने डांबर उचकटलं तर त्याचे थर सुटे सुटे दिसत होते, चार तरी असतील. दोन-चार वर्षांनी रस्ता करताना जुना थर न खरवडता वर नवा थर चढवलेला. चौथ्या थराखाली, हातभर खोल, लोखंडी जाळी निघाली. गंजलेली, पण शाबूत. तिच्या फटींत डांबर उतरून घट्ट बसलं होतं. सहा वर्षं आम्ही त्या जाळीवरून चालत जाऊन अर्ज देत होतो.

आपल्याकडच्या शहरांत पाणी तुंबण्याची जी कारणं असतात त्यात हे फार मोठं आहे. रस्ता दर वेळी काही इंच वर येतो, घरांची जोती तिथेच राहतात, आणि पावसाळी गटाराची तोंडं डांबराखाली जातात. अभियंते जुना थर खरवडण्याला मिलिंग म्हणतात. रस्त्याच्या पुढच्या कामात मिलिंग आहे की नाही, हा एकच प्रश्न विचारणारं कुणी गल्लीत असेल तर पुढची दहा वर्षं वाचतात. दुसरं कारण म्हणजे दाबलेले ओढे. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला आणि शहरात २०हून अधिक माणसं गेली. ओढ्याचं पात्र जिथे जिथे आवळलं गेलं होतं तिथे पाण्याने स्वतःची वाट काढली, भिंती पाडून. तुमच्या गल्लीचा उतार कुठल्या ओढ्याकडे जातो, तो ओढा आज उघडा आहे की कुणाच्या कंपाउंडखाली गेला आहे, हे चाळीतल्या सत्तरीच्या माणसाला माहीत असतं. सोसायटीत पाच-दहा वर्षांपूर्वी राहायला आलेल्याला माहीत असायचं कारण नाही.

तेव्हा सुरुवात पाण्यापासूनच करा. ग्रुप पाण्यासाठी निघाला होता. मग त्यात कचरा आला, कुत्री आली, पार्किंग आलं, डीजे आला, आणि पाणी बाजूला पडलं. एका वेळी एक काम, आणि ते पुरं होईपर्यंत दुसरं नाही. लोक म्हणतील, ‘मग फुटपाथचं काय?’ सांगा, पुढच्या वर्षी. एक काम तडीस गेलेलं गल्लीने डोळ्यांनी पाहिलं, की तुमच्या बैठकीला सातचे पंधरा होतील. कळकळीच्या पोस्टने ते होत नाहीत, हे तुम्ही तीन वर्षं पाहिलंच आहे.

पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन बाहेर पडा. सातही जण, आणि चाळीतली निदान दोन माणसं. त्यातली एक बाई असावी, कारण पाणी घरात शिरतं तेव्हा ती तिथे असते. बरोबर खडू, मोजपट्टी आणि फोटो काढायला मोबाइल. पाणी कुठून येतं, कुठे वळतं, कुठे थांबतं, एवढंच बघायचं. कोणत्या जाळीत पाणी ओढलं जातंय आणि कोणत्या जाळीवर नुसतं फिरतंय, ते टिपायचं. पाणी ओसरलं की भिंतीवर ओल राहते, त्या रेषेवर खूण करून जमिनीपासूनची उंची मोजा आणि मोजपट्टी दिसेल असा फोटो काढा. चाळीत प्रत्येक घराला विचारा, कुठवर आलं होतं. लोक भिंतीवर हात ठेवून दाखवतात. तो हात असलेला फोटो दहा पानी अर्जापेक्षा जास्त सांगतो.

एक गोष्ट हात जोडून सांगते. पाणी लवकर जावं म्हणून चेंबरचं झाकण कुणीही उघडू नका, कुणाला उघडू देऊ नका. मुंबईत २९ ऑगस्ट २०१७च्या पावसात असंच एक मॅनहोल उघडं होतं. पाण्यात ते दिसलं नाही आणि एक नामवंत डॉक्टर घरी चालत जाताना त्यात पडून गेले. झाकण उघडं दिसलं तर तिथे माणूस उभा करा, काठीला लाल कापड बांधून रोवा, आणि आधी महापालिकेला फोन करा.

आता कागद. अर्ज एका पानाचा, एका विषयाचा. ‘आमच्या विभागातील विविध समस्यांबाबत’ हा मथळा असलेला अर्ज कुणाच्याच टेबलावर थांबत नाही. रस्त्याचा माणूस म्हणतो मलनिःसारणाकडे जा, मलनिःसारणवाला म्हणतो घनकचऱ्याकडे जा, आणि तिघांचंही म्हणणं अर्ध खरं असतं. ‘अमुक दुकानासमोरील पावसाळी गटाराची जाळी डांबराखाली गेली आहे, ती मोकळी करावी’ असं लिहिलं की काम कोणाचं, हा वाद उरत नाही. खाली सह्या घ्या, पत्त्यासकट, आणि पहिल्या पाच सह्या चाळीतल्या असू द्या. अर्ज क्षेत्रीय कार्यालयाच्या आवक-जावक विभागात द्या, आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. साहेबांच्या हातात दिलेला, त्यांनी ‘बघतो’ म्हणून खणात ठेवलेला अर्ज दिलाच नाही असं समजा. कनिष्ठ अभियंत्याला मात्र जरूर भेटा. त्याच्याशी भांडू नका. एकेका माणसाकडे चार-चार जणांचं क्षेत्र असतं आणि त्याला शिव्या देणारे रोज भेटतात. त्याला गल्लीत बोलवा, खडूच्या खुणा दाखवा, चहा पाजा. पाहणी झाली की त्याच संध्याकाळी दोन ओळींचं पत्र पाठवा, की आज आपण पाहणी केलीत, अमुक तीन ठिकाणं दाखवली, आपण अमुक करू म्हणालात. याला पाठपुरावा म्हणतात. खेटे घालून तो होत नाही, अशा दोन-दोन ओळींच्या कागदांनी होतो.

महिनाभर काही हाललं नाही तर माहितीचा अधिकार आहेच. २००५चा कायदा, १० रुपयांचं शुल्क, ३० दिवसांत उत्तर. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा, ती पाळा, नाहीतर अर्ज तेवढ्यावरून परत येतो. ‘रस्ता का खराब झाला’ असं विचारू नका. कारणं विचारलीत तर उत्तर द्यायला ते बांधील नसतात. कागद मागा. आमच्या रस्त्याच्या शेवटच्या डांबरीकरणाची वर्क ऑर्डर, मोजमाप पुस्तिकेतली त्या कामाची पानं, आणि दोषदायित्व कालावधी कधी संपतो याची नोंद असलेलं पान. हा दोषदायित्व कालावधी, ऑफिसात त्याला डीएलपी म्हणतात, तुमच्या कामाची सर्वांत मोठी किल्ली आहे. त्या मुदतीत रस्ता उखडला तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वतःच्या पैशाने करायची असते. ती मुदत चालू आहे हे गल्लीला ठाऊकच नसतं, म्हणून नवा खर्च मंजूर होतो आणि नवा थर चढतो. प्रती मिळवण्यापेक्षा फाइल बघायला मागणंही पुष्कळदा सोपं पडतं. पुण्यातल्या माहिती अधिकार कार्यकर्त्यांनी सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात फायली पाहण्याची प्रथा रुजवली, आणि २०१८मध्ये राज्य सरकारने जिल्हा कार्यालयं आणि स्थानिक संस्थांसाठी तसं परिपत्रक काढलं. तुमच्या कार्यालयात ते कसं चालतं ते आधी विचारून घ्या, मग दोघं-तिघं मिळून जा. एकटीने जाऊ नका. एकटी बाई फाइल बघते आहे म्हटलं की प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. तिघं असले की खुर्ची मिळते.

आणखी एक कागद अर्जाला जोडण्यासारखा आहे. ऑक्टोबर २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघडी मॅनहोल यांबद्दल निकाल दिला. त्यामुळे जीव गेला तर कुटुंबाला ६ लाख रुपये, जखमी झालं तर ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई, आणि खड्डा कळवल्यापासून ४८ तासांत त्याकडे लक्ष द्यायचं, असं न्यायालयाने म्हटलं आहे. चांगला रस्ता हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे ही भूमिका न्यायालयाने त्याआधीच घेतली होती. हा निकाल धमकी म्हणून वापरू नका. तारीख आणि वेळ घालून खड्डा लेखी कळवलेला असणं का महत्त्वाचं आहे, ते त्यावरून गल्लीतल्या लोकांना समजावून सांगा.

वेळापत्रकही लक्षात घ्या. नालेसफाईच्या निविदा उन्हाळ्याच्या आधी निघतात आणि कामं मेअखेर संपायची असतात. म्हणजे तुमचा अर्ज जानेवारी-फेब्रुवारीत पोचला पाहिजे. जूनमध्ये पाणी दारात आल्यावर जो अर्ज जातो, त्याच्यासाठी पैसेही नसतात आणि माणसंही नसतात. मोठ्या कामाला तरतूद लागते, तिची यादी शरद ऋतूतच तयार व्हायला लागते. पुण्यात २००६-०७पासून नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक आहे. आपल्या गल्लीतली छोटी कामं लोक फॉर्मवर लिहून देतात, ती पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात धरली जातात. बरीच वर्षं एका कामाला ५ लाखांची मर्यादा होती. बाकडी, दिवे, फुटपाथचा तुकडा, गटाराची जाळी अशी कामं त्यात बसतात. तुमच्या शहरात अशी सोय नसेल तरी अर्ज त्याच सुमाराला, ‘पुढील आर्थिक वर्षात तरतूद करावी’ या शब्दांत द्या.

आता भाजीच्या गाड्या. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण इथे आमच्या हातून चूक झाली आणि ती मला आजही सलते.

आमच्या फुटपाथवर पाच गाड्या आणि एक पथारी होती. पथारीवर एक मावशी पालेभाजी घेऊन बसायच्या. आम्ही तक्रार केली, पाठपुरावा केला, आणि एका सकाळी गाडी येऊन सगळं उचलून गेली. ग्रुपवर टाळ्या पडल्या. मावशींची मेथीची जुडी फुटपाथच्या कडेला पडली होती, ती मी माझ्या खिडकीतून पाहिली. आठव्या दिवशी त्या मोकळ्या फुटपाथवर अकरा स्कूटर लागल्या होत्या, त्यातल्या सात आमच्याच सोसायटीच्या. चालायला आधी भाजीवाल्यांच्या शेजारून वाट तरी होती, आता तीही गेली. वर संध्याकाळी गल्ली ओस पडायला लागली. गाड्या असताना रात्री नऊपर्यंत तिथे दिवे असायचे, माणसं असायची, मुली क्लासहून निर्धास्त यायच्या. मावशी पुन्हा दिसल्या नाहीत. मी शोधायला हवं होतं, तेही मी केलं नाही.

तेव्हा तुमच्या दोन तटांना एक काम द्या, भांडायच्या आधी मोजा. फुटपाथवर चालायला मोकळी किती रुंदी उरते? भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांप्रमाणे पादचाऱ्यांना निदान १.८ मीटर, म्हणजे साधारण सहा फूट मोकळी वाट हवी, आणि फुटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर म्हातारी माणसं चढतच नाहीत. गल्लीच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत दर वीस पावलांवर मोजपट्टी लावा आणि अडथळा काय आहे ते लिहा. गाडी, पथारी, डीपी बॉक्स, झाड, सोसायटीने बाहेर काढलेला रॅम्प, दुकानाची पायरी, लावलेली दुचाकी. यादी पुरी झाली की तिची बेरीज बैठकीत मोठ्याने वाचा. आमची बेरीज मी आमच्या चुकीनंतर केली. सर्वांत जास्त फुटपाथ आमच्याच फाटकांच्या रॅम्पनी आणि आमच्याच गाड्यांनी खाल्ला होता.

कायदाही सांगते. पथविक्रेत्यांसाठी २०१४चा केंद्रीय कायदा आहे. सर्वेक्षण होऊन विक्री प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत विक्रेत्यांना हटवता येत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. जागा कुठे द्यायची यावर शहर फेरीवाला समितीचं मत घ्यावं लागतं. त्या समितीत निदान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांतून निवडून आलेले असतात आणि रहिवासी संघटनांनाही तिथे जागा आहे. म्हणजे तुम्ही आणि भाजीवाले एकाच टेबलाशी बसावं, हीच कायद्याची कल्पना आहे. त्या टेबलाची वाट पाहू नका. संध्याकाळी गाड्यांपाशी जा, सहा फुटांची मोकळी पट्टी खडूने आखून दाखवा आणि विचारा, ही सोडून बसता येईल का, कचऱ्याचं काय करायचं. बहुतेक जण हो म्हणतील, कारण रोजच्या भीतीपेक्षा आखलेली रेघ त्यांना परवडते. गाडीवाल्यांतल्या एकाला बैठकीला बोलवा. गल्लीत पहाटे पाचला कोण काय टाकून जातं, कुठल्या चेंबरमधून वास येतो, हे त्याला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. झाडूवाल्या ताईंनाही बोलवा, आणि बैठक त्यांच्या सवडीने दुपारी ठेवा.

मुंबईत घाटकोपरच्या जोशी लेनमधून १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात रहिवाशांनी कचरा आणि रस्ता यांची देखभाल स्वतः अंगावर घेतली, महापालिकेने ते उचलून एएलएम (अ‍ॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट) नावाने शहरभर पसरवलं. मोठं काम झालं त्यातून. पण ज्या गल्ल्यांत फ्लॅटवाल्यांनीच फ्लॅटवाल्यांसाठी समिती केली, तिथे तिचं हळूहळू फाटकं लावणं आणि लोकांना बाहेर काढणं एवढंच उरलं, असं मला वाटतं. उलट बाजूला पुण्याचं ‘स्वच्छ’ बघा. कचरावेचकांची १९९३पासूनची संघटना, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, तिच्यातून ही सहकारी संस्था उभी राहिली, आणि दारोदार कचरा उचलणाऱ्या बायका तिच्या सभासद आहेत. कचऱ्याबद्दल बैठक घ्यायची आणि ज्यांचे हात त्यात असतात त्यांना बोलवायचं नाही, हे पटण्यासारखं नाही. तुमच्या ढिगाचा प्रश्न पुढच्या वर्षी घ्याल तेव्हा आधी सात सोसायट्यांत ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा होतो का ते बघा. मुलांचे डायपर आणि सॅनिटरी नॅपकिन वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल खूण केली, की आत काय आहे ते उचलणाऱ्या बाईला हात लावण्याआधीच कळतं.

नगरसेवकांच्या निरोपाला नम्रपणे नाही म्हणा, तेही लेखी. बाकडी नकोत असं लिहू नका. ‘आमच्या गल्लीची पहिली गरज पावसाळी गटाराची आहे, सोबत पाहणीचे फोटो आहेत, आपण या कामाचा पाठपुरावा करावा’ एवढंच लिहा. मुंबई सोडली तर आपल्या महापालिकांत आता प्रभागात बहुतेक ठिकाणी चार नगरसेवक असतात. तेच पत्र चौघांनाही, एकाच दिवशी, एकाच मजकुराचं द्या आणि वर चौघांची नावं लिहा. त्यामुळे गट कुणाचा हा प्रश्न मिटतो. काम झालं तर चौघांचे आभार मानायला हरकत नाही, पण कमान नको आणि नावाचा फलकही नको. प्रभागातली कामं ज्या निधीतून होतात तो करदात्यांचा असतो, चाळीतल्या भाडेकरूने घेतलेल्या साबणावरचा करही त्यात आलाच. निवडणुकीत कुणी कुणाचं काम करायचं ते ज्याचं त्याने ठरवावं, गटाच्या नावाने करू नये. आमच्याकडे एकदा हे पथ्य सुटलं आणि पुढची दोन वर्षं निम्मी गल्ली अर्जावर सही करत नव्हती.

क्षेत्रसभा नावाची गोष्ट २००९पासून आपल्या राज्याच्या कायद्यात आहे, मतदारांनी आपल्या भागात बसून कामं ठरवायची अशी. ती भरवा म्हणून मागणी जरूर करा. ती भरेपर्यंत तुमचे सात जण आणि चाळीतली दोन माणसं, ही तुमची क्षेत्रसभा.

डीजेचं काम गटाने घेऊ नये. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धक बंद, हा २०००च्या नियमांमधला नियम आहे, आणि ११२वर कुणीही फोन करू शकतं. पण लग्न गल्लीतल्याच घरचं असतं आणि फोन कुणी केला याची चौकशी दुसऱ्या दिवशी होते. ज्याला त्रास होतो त्याने वैयक्तिक तक्रार करावी, गट त्यात ओढू नका. कुत्री आणि पार्किंगही सध्या बाजूला ठेवा.

राहिला तुमचा स्वतःचा प्रश्न. सासूबाई अंथरुणाला आहेत, शाळा आहे. मिस्टर सोडून दे म्हणतात ते तुमच्या काळजीपोटी, हेही मला कळतं. अ‍ॅडमिनपद दुसऱ्या दोघांना द्या, दर सहा महिन्यांनी बदला. तुम्ही एक वही सांभाळा, साधी शंभर पानी. तारीख, काय दिलं, आवक क्रमांक, कोण भेटलं, काय म्हणालं. आमच्या गटाच्या अशा चार वह्या आहेत. अभियंते बदलून जातात, साहेब बदलतात, नगरसेवक बदलतात, नवा माणूस म्हणतो, ‘आमच्याकडे असं काही रेकॉर्ड नाही.’ तेव्हा वही पुढे ठेवायची. शिक्षिकेला हे सांगायला नको, तुमचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलंच आहे. आठवड्यातून तासभर, त्याहून जास्त नाही. बाकीचं इतरांनी करावं, आणि त्यांनी केलं नाही तर ते त्या महिन्यात राहू द्यावं.

या रविवारी चाळीत जा. ग्रुपची लिंक द्यायला नको, बसायला जा. कुणाकडे सर्वांत आधी पाणी शिरतं ते विचारा आणि तिथल्या भिंतीवरची ओल मोजून या. अर्जाचा पहिला मसुदा त्या आकड्यापासून सुरू करा आणि त्याची प्रत मला पाठवा. मी लाल पेनाने दुरुस्त करून चार दिवसांत परत पाठवीन.

तुमची,
ताई